३० मिनिटांची रेसिपी, आणि छोले मात्र कालचे!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ‘ऑफिसमधून आल्यावर ३० मिनिटांत जेवण’ अशी रेसिपी आली होती, मी कापून ठेवायला कात्री घेऊनच बसलो होतो, आणि साहित्याची पहिलीच ओळ – रात्रभर भिजवलेले छोले १ वाटी. अहो मग ते ३० मिनिटांत कसं झालं? कात्री परत ड्रॉवरमधे.

मी ६७ वर्षांचा, बँकेतून रिटायर, राहणार कोथरूड. मुलगा हिंजवडीला आणि सून खराडीला, म्हणजे शहराची दोन टोकं, ती वनाजवरून मेट्रोने रामवाडीपर्यंत आणि पुढे रिक्षा, तो वाकडच्या ट्रॅफिकमधे. नात आठवीत, तिचा क्लास ८ ला सुटतो. गेल्या वर्षी बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून रात्रीच्या जेवणाचं खातं माझ्याकडे आलंय. मला वाटलेलं फोडणी जमली की झालं. फोडणी ८ दिवसांत जमली हो, पण संध्याकाळी साडेसहाला फ्रीज उघडून ‘आज काय?’ म्हणत उभं राहायचं ते काही जमेना. फॅमिली ग्रुपवर विचारलं की तिघांचं एकच उत्तर, काहीही चालेल, आणि मग दोडका केला की एकेकाची तोंडं बघा. बायको म्हणाली, इतकी वर्षं मी हेच विचारायचे आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता हेच सांगायचात. यावर मी काही बोललो नाही.

आता रविवारी चहाला सगळ्यांना बसवतो, सोमवार ते शुक्रवार कागदावर लिहायचं आणि फ्रीजच्या दारावर लावायचं, पंधरा मिनिटांचं काम. पदार्थ कोणाला काय आवडतं यापेक्षा भाजी किती दिवस तग धरेल त्यावर ठरतात. मेथी-शेपू सोमवार-मंगळवारीच संपवायचे, बुधवारपर्यंत पिवळे पडायला लागतात, भेंडी-वांगी मधे, आणि कोबी, लाल भोपळा शुक्रवारला, ते कुठे पळून जात नाहीत. मेथी निवडायचं काम माझं, टीव्हीसमोर बसून. निवडली की न धुता कापडी पिशवीत घालून फ्रीजमधे (तुमच्या पेपरात नाही गुंडाळत, शाई लागते).

मटकीची उसळ बुधवारी हवी तर विचार सोमवारी रात्रीच करायला लागतो, रात्री भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, बुधवारी सकाळी छान मोड आलेले असतात. डिसेंबरमधे अजून अर्धा दिवस धरा, मे महिन्यात उलट लक्ष ठेवा नाहीतर वास येतो. हेच त्या छोल्यांचं, रेसिपीच्या वर ‘आदल्या रात्री वाचा’ एवढं छापलं असतंत तरी चाललं असतं.

आणि गुरुवार! पुण्याबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. गुरुवारी कधी देखभालीसाठी वीज नाही, कधी पाणी बंद, कधी दोन्ही. त्यामुळे गुरुवारी वाटण लागेल असं काही लिहीतच नाही, मूगडाळीची खिचडी, पापड, ताक, एक कुकर आणि चार ताटल्या घासायच्या, बास. सुनेचा गुरुवारचा उपास असतो, तो ती रात्री त्याच खिचडीवर सोडते.

पोळ्यांना मावशी येतात साडेसहाला. त्यांनी ऐनवेळी सुट्टी घेतली तर म्हणून भाजणीचा डबा कायम भरलेला, थालीपीठ आणि दही, कोणी तक्रार करत नाही, उलट मावशींनी सुट्टी घ्यावी असं नातीला वाटतं. उरलेल्या भातावरून मात्र घरात वाद झाला. आम्ही जन्मभर रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी दिली, सून ठेवू देत नाही, तासाभरात फ्रीजमधे. मी आधी चिडलो, पण तिचं बरोबर आहे, शिजलेल्या भातातही काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांचं विष नुसतं परत गरम करून जात नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. मार्केट यार्डातले रविवारचे भाव तुम्ही सोमवारी छापता, तेही १० किलोचे आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. मला दोन जुड्या हव्या असतात आणि मी त्या रविवारीच आणलेल्या असतात! त्यापेक्षा शनिवारच्या अंकात चार ओळी छापा की सध्या बाजारात काय भरपूर येतंय, त्यातलं आधी काय संपवायचं, कशासाठी काय कधी भिजत घालायचं. पनीर आणि बेक्ड काहीतरी नको, ओव्हन सगळ्यांकडे नसतो. पाहिजे तर पहिल्या आठवड्याचं मी लिहून देतो, मानधन नको.

पुढच्या रविवारी छोल्यांची ती रेसिपी करून बघणार आहे. छोले शनिवारी रात्री भिजत घालीन.

आपला,
एक रिटायर्ड आजोबा, कोथरूड