छापखान्यातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर मुद्रक म्हणून छापखान्याचं नाव आहे. मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण पुस्तकावर असलंच पाहिजे, असं 1867 च्या कायद्यानं ठरवून दिलं होतं. मशीनवर दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाचं नाव मात्र कुठेच येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्या माणसाला लोक विचारतात, गोष्ट सुचते कशी? कागदाबद्दल कुणी विचारत नाही. तो मला तुम्ही शिकवलात. मी फाइल घेऊन आले, तर तुम्ही ती उघडायच्या आधी रद्दीतला मोठा कागद ओढलात, तीन घड्या घातल्यात आणि मला पेन्सिलीनं पानांना आकडे घालायला लावलेत. दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं, म्हणजे सोळा पानांचा एक फॉर्म. असे दोन फॉर्म एकात एक बसवून मधोमध पिना मारल्या की झालं 32 पानांचं पुस्तक. इतकी चित्रपुस्तकं नेमकी 32 पानांची का असतात, ते तेव्हा समजलं.

मग दोन्ही फॉर्मचे कागद उलगडलेत. शेजारी शेजारी वाचायची पानं त्यांवर पार लांब लांब पडली होती. अखंड कागदावर समोरासमोर येतात ती फक्त 16 आणि 17. आणि 8 व 9 तर दोन वेगळ्या फॉर्मवर, वेगळ्या वेळी छापली जाणारी! माझ्या गोष्टीतला समुद्र याच दोन पानांवर पसरला होता. तुम्ही तो हलवायला सांगितलं नाहीत. दुसरा फॉर्म मशीनवर चढला, तेव्हा आधीचा छापील कागद शेजारी ठेवलात आणि दोन्ही निळे जुळेपर्यंत शाई कमी-जास्त करत राहिलात. मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, शाई पितो, ओला रंग वाळल्यावर उतरतो, तेव्हा आत्ता दिसतंय त्यावर जाऊ नका, असंही बजावलंत. मुलं त्या पानावर बोट फिरवतात तेव्हा मला तुमचे शाईचे हात आठवतात.

दुसरी गोष्ट याहून मोठी. छपाईत निळा, लाल, पिवळा आणि काळा अशा प्रत्येक रंगाची छापायची प्लेट वेगळी असते. अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर ठेवा, रंगात मिसळू नका, असं तुम्ही म्हणालात. मी चित्रातल्या दुकानाच्या पाटीवरचा मजकूरही वेगळा काढून तुम्हाला दिला. पुढे प्रकाशकांनी हिंदी आणि कन्नड आवृत्त्या काढायचं ठरवलं, तेव्हा निळ्या, लाल, पिवळ्या प्लेटांना हातही लावावा लागला नाही. बदलली ती फक्त काळी. चार रंगांचं पुस्तक छापणं किती महाग पडतं, हे छोट्या प्रकाशकांना चांगलं ठाऊक आहे. तुमच्या त्या एका वाक्यामुळे माझी गोष्ट आणखी दोन भाषांतल्या मुलांपर्यंत पोचली.

आता मी आधी कागदाला घड्या घालते आणि मगच लिहायला बसते. उजव्या पानावर कुणीतरी दार वाजवतं, पान उलटलं की डावीकडे कोण आलंय ते दिसतं. अक्षरओळख नसलेलं मूलसुद्धा ते पान स्वतः उलटतं, मोठ्यांचा हात बाजूला सारून. हे वळण जुळेपर्यंत मी वाक्यं खोडते, कधी अख्खं चित्र टाकून देते. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं लिहिणं आणि चित्र एकाच हातून उतरावं, ही माझी जुनी ओढ. त्यासाठी लागणारी शिस्त मला तुमच्या मशीनपाशी मिळाली.

नव्या पुस्तकाचा डमी, म्हणजे घड्या घालून केलेला कच्चा नमुना, तयार आहे. 24-25 वर रात्रीचं आभाळ आहे, तेही दोन फॉर्मवर विभागलेलं. ते तिथेच हवंय मला, गोष्टीला दुसरी जागा चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत घेऊन येते, तुमची मशीन तेवढ्यापुरती थांबलेली असेल. आणि या वेळी दुसऱ्या पानावर तुमचं पूर्ण नाव छापायला प्रकाशकांनी होकार दिला आहे. ते कसं लिहायचं, तेवढं सांगा.

तुमची,
घड्या घालायला शिकलेली चित्रकार