नोटीस नको, गुरांसकट जागा द्या

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

साहेब, मी रायगड जिल्ह्यातल्या डोंगरउतारावरच्या एका वाडीतून लिहितोय. बावीस घरं. वर कडा, खाली ओढा, ओढ्यापलीकडे आमची भातखाचरं. दर जूनमध्ये तलाठी भाऊसाहेब नोटीस आणतात: अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. आम्ही सही करतो. पाऊस चढला की खालच्या गावच्या शाळेत जाऊन राहतो. त्या गावाने आजवर कधी नाही म्हटलं नाही. भाकऱ्यासुद्धा त्यांच्याच घरून येतात.

पण गुरं शाळेत नेता येत नाहीत. म्हणून अंधार पडला की घरटी एक माणूस परत वर चढतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातून वडील गेले. गोठ्यामागे जमिनीला चीर पडली होती, माझा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी. वडिलांनी तिच्यात माती ठासली, वर प्लास्टिकचा कागद अंथरून दगड ठेवले आणि म्हशीजवळच बसून राहिले. ‘‘गाभण आहे ती, सोडून कसा येऊ?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोटिशीतही नाही.

30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. 151 माणसं. गाव जागेवर नाही, हे एसटीच्या चालकामुळे बाहेर कळलं. 22 जुलै 2021 ला आमच्याच जिल्ह्यात तळीये. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी: 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. आणि इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं कृपा करून कुणी आम्हाला सांगू नये.

माळीणला नवं गाव मिळालं, ते 2017 मध्ये, माणसं गेल्यावर. आम्हाला आधी द्या. घर लहान असलं तरी चालेल, पण शेजारी गोठा हवा आणि खाचरं चालत जाण्याच्या अंतरावर हवीत. नाहीतर लावणीला माणसं पुन्हा वरच येऊन राहतील. खालच्या गावाजवळ गायरान आहे, पण त्यावर त्यांची गुरं चरतात. ज्यांनी भाकरी दिली, त्यांच्याशी जमिनीवरून वैर आम्हाला नको. हे बोलणं सरकारने ग्रामसभेत बसून करावं.

पर्जन्यमापकही वाडीतच बसवा. महसूल मंडळाच्या गावी, जिथे पाऊस मोजतात, उघडीप असते तेव्हा आमच्याकडे ओढा दुथडी भरून वाहत असतो.

आपण उन्हाळ्यातच या. चीर अजून आहे. वडील दाखवतील.

आपला नम्र,
वाडीतला एक शेतकरी