सूचना : १७ मे रोजी कॅप्टन नायर यांचे स्मरण

सर्व सभासदांना नमस्कार.

हॉटेल उद्योजक कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्या स्मृतिदिनी, १७ मे रोजी, सायंकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात जमायचे आहे. ते २०१४ मध्ये गेले. मूळचे कण्णूरचे, आधी सैन्यात, मग सासऱ्यांच्या हातमाग व्यवसायात, पुढे कापडाची निर्यात. आणि साठी उलटल्यावर मुंबईत विमानतळाजवळ पहिले हॉटेल! २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले.

मला मात्र पाटीवरचे नाव सर्वांत मोलाचे वाटते. लेसची कंपनी असो की हॉटेल, त्यांनी पत्नीचे नाव दिले: लीला.

या वेळी भाषणे ठेवलेली नाहीत. आपल्यापैकीही अनेकांनी गणवेश उतरवून शून्यातून धंदा उभा केला. तेव्हाचे पहिले बिल, हिशेबाची जुनी वही, दुकानासमोरचा फोटो, जे जपले असेल ते आणा. जोडीदाराला आवर्जून सोबत घ्या. त्या दिवसांत घर त्यांनीच सांभाळले, आणि हे आपण त्यांच्यासमोर क्वचितच बोलतो.

जिना चढणे जमत नसेल त्यांनी १५ तारखेपर्यंत कळवावे, खालच्या दालनात बसू.

– कार्यवाह