पुलापुढे म्हणजे अलीकडे की पलीकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धात पुढाऱ्यांनी हात न बांधता सेनापतींना मोकळा हात द्यावा, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. त्यावर आलेली मतंही काल वाचली. बाजूने लिहिणारे तावातावाने लिहितात, विरोधातले त्याहून जास्त. पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की वरून हुकूम सुटला की तो जसाच्या तसा खाली पोचतो आणि पार पडतो. वाद फक्त तो कोणी सोडायचा एवढ्यापुरता, पुढाऱ्याने की जनरलने. मी २२ वर्षं सैन्यात सिग्नलमध्ये काढली. वरचे हुकूम खाली आणि खालचे निरोप वर पोचवणं हेच माझं काम होतं. त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना.

युद्ध नव्हतं, सराव होता. रात्रीची वेळ, पाऊस, आणि फोनवर इतकी खरखर की एकेक शब्द दोनदा विचारावा लागत होता. रसद घेऊन निघालेल्या ट्रकांच्या रांगेसाठी वरून निरोप आला: पुलाच्या पुढे थांबा. मी तो ऐकला, वहीत लिहिला, वाचून दाखवला, समोरून 'बरोबर' आलं आणि मी तो पुढे दिला. सगळं नियमाप्रमाणे झालं. पण हुकूम देणाऱ्याच्या मनात होतं की पूल समोर दिसला की अलीकडेच थांबा, कारण त्या तात्पुरत्या पुलाची तपासणी व्हायची होती. रांगेच्या प्रमुखाने अर्थ घेतला, पूल ओलांडून पुढे जा आणि मग थांबा. पहिला ट्रक पार झाला. दुसऱ्याच्या मागच्या चाकांखाली फळ्या मोडल्या. चालक २३ वर्षांचा होता.

चौकशीत कोणाचीच चूक निघाली नाही. हुकूम बरोबर, नोंद बरोबर, वेळ बरोबर. 'अलीकडे की पलीकडे?' एवढे तीन शब्द मी विचारले असते तर तो ट्रक थांबला असता. मी विचारले नाहीत, कारण वरचा आवाज घाईत होता आणि घाईतल्या आवाजाला उलट प्रश्न करायची आम्हाला सवय नव्हती. तेव्हापासून जागा सांगताना मी 'पुढे' हा शब्द वापरत नाही, घरात कपाट सरकवायचं असलं तरी.

क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाला ब्रिटिशांचा घात झाला तो अशाच शब्दाने. २५ ऑक्टोबर १८५४. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर उभा होता. तिथून त्याला सगळं दिसत होतं: दोन दऱ्या, मधली टेकाडं आणि टेकाडांवरून ब्रिटिशांच्या हातच्या गेलेल्या तोफा ओढून नेण्याच्या तयारीत असलेले रशियन. त्याने हुकूम दिला की घोडदळाने वेगाने पुढे जावं आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली गेली आणि कॅप्टन नोलन ती घेऊन कडा उतरला. खाली दरीत असलेल्या घोडदळाच्या प्रमुखाला, लॉर्ड ल्यूकनला, त्या तोफा दिसतच नव्हत्या. उंचवटा आड येत होता. त्याने विचारलं, कोणत्या तोफा? नोलनने हात उगारून दरीच्या दिशेने दाखवलं. त्या दिशेला टोकाशी तोफा होत्याच, पण त्या रशियनांच्या स्वतःच्या होत्या, गोळे भरून तयार ठेवलेल्या. सुमारे ६७० स्वार त्या दरीत शिरले. तिन्ही बाजूंनी मारा होता. शंभरावर माणसं मेली, घोडे त्याच्या तिप्पट. नोलन अगदी सुरुवातीलाच पडला, त्यामुळे त्याला नेमकं काय दाखवायचं होतं हे कोणाला कळलंच नाही. आणि रॅग्लनने संध्याकाळी ल्यूकनला बोल लावला.

तो हुकूम देताना रॅग्लनला कोणी अडवलं नव्हतं. हात मोकळा होता आणि तो जे म्हणत होता ते टेकडीवरून पाहणाऱ्याला पटण्यासारखंच होतं. दरीतून काय दिसतंय, हा विचार मात्र त्याच्या मनात आला नाही. आज आपण सगळेच त्या टेकडीवर आहोत. ड्रोनने काढलेली दृश्यं घरबसल्या दिसतात, त्यामुळे वाटतं की आपल्याला दिसतंय ते खंदकातल्या माणसालाही दिसतंय. लेखासोबत तुम्ही छापलेला नकाशा तसाच आहे. चार जाड लाल बाण, नदी दाखवली आहे, पण पूल नाहीत, रस्ते नाहीत, रेल्वे नाही आणि अंतराचं प्रमाणही नाही. सैन्य बाणासारखं सरकत नाही. ते इंधन आणि पाणी पोचेल तेवढंच सरकतं.

लेखकाने कोरियन युद्धातल्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थरचा दाखला दिला आहे, की त्याचे हात पुढाऱ्यांनी बांधले. हे मी वाचलं त्या क्षणी अंक बाजूला ठेवला. १९५० च्या शरद ऋतूत त्याला जितकी मोकळीक होती तितकी फार थोड्या सेनापतींना मिळाली असेल. चीनच्या सीमेलगत कोरियनांखेरीज इतर फौजा नेऊ नका अशी सूचना होती, ती त्याने ऑक्टोबरमध्ये आपल्या अधिकारात बाजूला सारली आणि वॉशिंग्टनने ते चालवून घेतलं. त्याआधी काही दिवस, वेक बेटावर, चीन युद्धात उतरण्याची शक्यता फारच कमी आहे असं त्याने स्वतः अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना सांगितलं होतं. नोव्हेंबरअखेर चिनी फौजांनी त्याच्या सैन्याला डोंगरांतून मागे रेटलं. हे सगळं तो टोकियोतून चालवत होता. त्या काळात त्याने कोरियाच्या भूमीवर एकही रात्र काढली नाही. ११ एप्रिल १९५१ ला ट्रुमन यांनी त्याला काढलं तेव्हा त्यांच्या संयुक्त सेनाप्रमुखांची त्याला संमती होती. म्हणजे गणवेशातल्या माणसांनाही ते पटलं होतं. हे लेखात यायला हवं होतं.

पुढाऱ्यांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. स्टालिनग्राडला वेढा पडल्यावर जर्मनीच्या सहाव्या सेनेला बाहेर पडू न देणारा हिटलर होता. जवळपास ९१ हजार माणसं कैद झाली, परतली ती पाच-सहा हजार. तिकडे १९६२ मध्ये क्यूबावर हल्ला करा असा आग्रह अमेरिकेचे जनरल धरत होते. बेटावरच्या सोव्हिएत फौजांकडे कमी पल्ल्याची अण्वस्त्रं आधीच पोचली आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, अध्यक्ष केनेडींनाही नव्हतं. ते उघड झालं १९९२ मध्ये. म्हणून मला हा पुढारी की जनरल हा वादच अर्धवट वाटतो. हुकूम देणाऱ्याला काय दिसत नाही, आणि ते त्याला सांगण्याची हिंमत खालच्या माणसाला आहे का, यावर कोणी एक ओळ लिहिलेली नाही. 'मोकळा हात' हेही 'पुलापुढे' सारखंच आहे. कुठपर्यंत? कोणत्या पुलापर्यंत? लेखकाने एकदा सांगावं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी गेल्या वर्षीही कळवली होती. त्या पत्रातला नेमका हाच परिच्छेद तुम्ही वगळलात. आता रविवारच्या लेखातही म्हटलं आहे की पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत एका दिवसात ५७ हजार ब्रिटिश सैनिक ठार झाले. हे चूक आहे. त्या दिवसाचा आकडा ५७,४७० आहे, पण तो हताहतांचा. ठार झालेले १९,२४०. बाकीचे जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले. बातमी कोणत्याही युद्धाची असो, तुमच्याकडे हा घोळ सतत होतो. इंग्रजी 'कॅज्युअल्टी' दिसलं की सरळ 'ठार' छापलं जातं. मराठीत हताहत हा शब्द आहे, हत आणि आहत दोन्ही त्यात आहेत, वापरायला काय हरकत आहे?

मी हे इतकं लावून धरतो कारण त्या याद्या माझ्या हातून गेल्या आहेत. पुलावरचा तो चालक ११ दिवस जखमींच्या यादीत होता. त्याच्या घरी तसंच कळवलेलं होतं, आणि घरचे निघण्याच्या तयारीत होते. १२ व्या दिवशी सकाळी त्याचं नाव एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत घालण्याचा निरोप आला. तोही मीच पुढे पाठवला.

सोमच्या आकड्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

आपला,
एक निवृत्त सिग्नलमन