कात्री आणि लाल पेन यात फरक आहे हो!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सेन्सॉर काय आणि संपादक काय, शेवटी दोघंही लिहिलेलं कापतातच की, असं हल्ली सर्रास ऐकू येतं म्हणून हे पत्र. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, तेव्हा निषेध म्हणून काही पेपरांनी अग्रलेखाची जागा चक्क कोरी सोडली होती. आमच्या कराडला १९७५ च्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून त्याविरुद्ध बोलल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

आता दुसरीकडे ‘सत्यकथा’ हे जुनं साहित्याचं मासिक बघा. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्रं लिहायचे, इथं कथा सैल पडलीय, हा शेवट पुन्हा बघा, वगैरे, आणि लेखकही वाद घालायचे, काही जाम वैतागायचे, १९६९ मध्ये तर तरुण लेखकांनी अंकाची होळीच केली, पण निदान भांडायला समोर माणूस होता ना! (होळी करणाऱ्यांचं सगळंच चुकलं असं मला नाही वाटत.)

परवा एका अ‍ॅपवर मी तमाशातल्या बाईची कथा टाकली तर एका शिवीपायी अख्खी कथाच गायब. ती शिवी तिला कोण देतो, का देतो, हे कुणी वाचलंच नाही. मेल केला तर ठरावीक उत्तर आलं, खाली नाव नाही, काही नाही.

तुमच्याकडे पत्रं अजून माणूसच वाचतो ना? मग हे खुशाल कापा, फक्त दुर्गाबाईंचं राहू द्या.

– एक वाचक, सातारा