भाडं कोण भरतं, तेही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत बर्लिनच्या चित्रकाराची मुलाखत वाचली. त्याआधीची पॅरिसची आणि न्यूयॉर्कचीही वाचली होती, तेव्हा तक्रार घाईची नाही. तिन्ही शहरांतले कलावंत सकाळी उठतात, कोपऱ्यावरच्या कॅफेत बसतात, खिडकीतला उजेड बघतात आणि त्यांना सुचतं. सुचो बापडं! पण त्या खिडकीमागच्या घराचं भाडं किती, हे तुमच्या प्रतिनिधीला तीनदा संधी मिळूनही विचारावंसं वाटलं नाही.

बर्लिनमध्ये २०२० साली घरभाडी गोठवणारा कायदा आला आणि २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. तेव्हा या गृहस्थांचं काय झालं? जर्मनीत १९८३ पासून स्वतंत्र काम करणाऱ्या कलावंतांसाठी आरोग्य आणि पेन्शनची खास सोय आहे. निम्मा हप्ता कलावंत भरतो, उरलेला सरकार आणि त्याचं काम वापरणारे प्रकाशक, नाट्यगृहं वगैरे. फ्रान्समध्ये नाटक-सिनेमावाल्याने वर्षभरात ५०७ तास काम दाखवलं, की दोन कामांमधल्या रिकाम्या दिवसांत भत्ता मिळतो. आमची तांत्रिक तालीम पहाटेपर्यंत चालते, तास मोजतो फक्त चहावाला.

हे सगळं मला का झोंबतं ते सांगते. मी नेपथ्य करते. मागे एका दैनिकाने (तुमचं नव्हे, आणि नाव लिहीत नाही) मुंबईतल्या कलावंतांवरच्या सदरासाठी मला गाठलं. मी तासभर बोलले ती गोडाऊनबद्दल. नाटक थांबलं की सेट ठेवायचा कुठे? निर्माता थोडे दिवस भाडं भरतो, मग फोन उचलत नाही. पावसाळ्यात प्लायचे पापुद्रे सुटतात आणि अख्खा चौसोपी वाडा टेम्पोत घालून भंगारवाल्याकडे जातो. एका नाटकातलं तुळशीवृंदावन तेवढं मी वाचवलं. ते आमच्या जिन्याखाली आहे आणि त्यावर सोसायटीची नोटीस चिकटवलेली आहे. मुलाखत घेणारी मुलगी मान डोलवत लिहून घेत होती. मग फोटोसाठी मला डोंबिवलीहून मरीन ड्राइव्हला बोलावलं आणि ऊन उतरेपर्यंत कठड्यावर बसवून ठेवलं. छापून आलं काय, तर ‘समुद्र माझ्याशी बोलतो’. मी असं काहीही म्हटलं नव्हतं. डोंबिवलीला समुद्र नाही. खाडी आहे, ती बोलत नाही, वास मारते. गोडाऊनचा शब्द नाही. वन्सं अजून विचारतात, काय म्हणतोय समुद्र?

असो. तुमच्या पॅरिसच्या बाई रिव्होली रस्त्याजवळ राहतात, असं चौकटीत छापलं होतं. त्याच रस्त्यावरची ५९ क्रमांकाची रिकामी इमारत कलावंतांनी १९९९ मध्ये घुसून ताब्यात घेतली. पॅरिस महापालिकेने त्यांना हाकललं नाही, इमारत विकत घेतली, दुरुस्त केली आणि २००९ मध्ये स्टुडिओंसाठी पुन्हा खुली केली. आपल्याकडे कुणी असं करून बघावं! न्यूयॉर्कमध्ये बेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळेत १९७० पासून कलावंतांना परवडणारी घरं आहेत. या दोन्ही गोष्टींवर मिळून एक ओळ नाही आणि कॉफीवर मात्र अर्धा रकाना.

पुढच्या रविवारी लंडन, असं खाली बारीक अक्षरात दिलंय. तिथे स्टुडिओला महिन्याला किती पडतात, सोबत दुसरी नोकरी आहे का आणि आजारी पडल्यावर कोण बघतं, एवढं विचारून घ्या. धुकं आणि पाऊस आम्हाला ठाऊक आहे.

जाता जाता, गेल्या शब्दकोड्याची उत्तरं कालच्या अंकात जाहिरातीखाली गेली आहेत. उभे १४ काय होतं ते कळवावे.

आपली,
एक नेपथ्यकार, डोंबिवली (पूर्व)