बारा मिलिमीटरची प्लेट

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर आकडे नीट कळत नाहीत, म्हणून लिहून पाठवतेय. १५ बारचा एअर रिसीव्हर, म्हणजे दाबाखालच्या हवेची टाकी, आतला व्यास १५०० मिमी, ५१६ ग्रेड ७० पोलादाची प्लेट, जोडांचा जागोजागीच (स्पॉट) एक्सरे म्हणून जॉइंट एफिशियन्सी, म्हणजे जोडाची धरायची ताकद, ०.८५, गंजासाठी जास्तीची जाडी (करोजन अलाउन्स) ३ मिमी. मी हाताने करून पाहिलं. ९.७ अधिक ३, म्हणजे १२.७. तुझा हिशोब बरोबर आहे, शेलला, म्हणजे टाकीच्या गोल अंगाला, १४ मिमीचीच प्लेट लागते. आणि तुमचे साहेब म्हणतात, यार्डात १२ ची पडून आहे, कोडने, म्हणजे टाक्यांच्या डिझाइनच्या नियमांनी, साडेतीन पट जास्त धरलेलंच असतं, पाऊण मिलिमीटरने काय बिघडतंय!

हे साडेतीन कशावर आहे ते आधी बघ. तुटण्याच्या ताकदीवर. ४८५ भागिले ३.५, म्हणून कोड १३८ मेगापास्कलपर्यंतच ताण चालवून घेतो. पण हेच पोलाद २६० ला यील्ड होतं, म्हणजे टाकी कायमची फुगायला लागेपर्यंत दुपटीचंही अंतर नाही. १२ ची प्लेट गंजून ९ वर आली की कोडच्या हिशोबाने ताण १४९ होतो, म्हणजे १३८ च्या वर. टाकी त्या दिवशी फुटणार नाही, हे साहेबांचं खरं आहे. पण मधलं ते अंतर त्यांच्यासाठी मोकळं ठेवलेलं नाही. आपलं सूत्र फक्त सरळ, गोल, भोक नसलेला पाइप ओळखतं. नोझलच्या (नळी जोडायच्या भोकाच्या) कडेचा ताण, डिशचा, म्हणजे टाकीच्या टोकाच्या फुगीर झाकणाचा, नक्कल (कडेचं वळण), रोलिंगमध्ये राहिलेली लंबगोलाई, जोडावर वरखाली बसलेल्या कडा, कॉम्प्रेसर दिवसभर चालू-बंद होणं, यातलं त्याला काही दिसत नाही. पंगतीला पाचशे पानं धरून सहाशेचा स्वयंपाक करतात ना, ती शंभर पानं जेवायला येतातच.

हा आकडा कायम साडेतीन नव्हता. १९०५ मध्ये अमेरिकेत ब्रॉकटनच्या बूट कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. लॅप जोडाच्या, म्हणजे एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या जोडाच्या, आतली चीर बाहेरून दिसत नव्हती. पुढे १९१४ चा पहिला बॉयलर कोड आला, त्यात पाच धरलेले. महायुद्धात पोलाद वाचवायला चार केले, १९९९ मध्ये साडेतीन. प्लेट, वेल्डिंग आणि तपासणी सुधारली म्हणून तो उतरत गेला. चारने तुझीच टाकी कर, चौदाच्या किंचित वर जाते, म्हणजे १६ ची प्लेट. आधीच्या लोकांनी सुधारून दिलेले दोन मिलिमीटर तू वापरतोच आहेस.

१२ च वापरायची असेल तर सरळ रस्ता आहे. मुख्य जोडांचा पूर्ण एक्सरे करून घ्या. एफिशियन्सी १ झाली की ८.२४ अधिक ३, म्हणजे ११.२४ येतं आणि १२ चालते. फिल्मचा खर्च आणि प्लेटचा खर्च समोरासमोर मांडून साहेबांना दे. ते पैशाचं ऐकतात. मात्र डिश १२ ची घेऊ नकोस. दोनास एक (लंबगोल) डिशला ११.२ लागतं, आणि प्रेसमध्ये नक्कलपाशी प्लेट सहज मिलिमीटरभर पातळ होते. डिश १४ चीच मागव आणि आली की नक्कलवर अल्ट्रासॉनिकने जाडी घे. शेल पातळ केलंस की मॅनहोलचं पॅडही (भोकाभोवती लावायची जास्तीची प्लेट) पुन्हा हिशोबाने काढावं लागेल, ते विसरतात सगळे.

आणि ते ३ मिमी कुणालाही तोडू देऊ नकोस. हवेतलं पाणी तळाशी साचतं, ड्रेन उघडायचा कंटाळा सगळ्या कारखान्यांत सारखाच असतो. हायड्रोला, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीला, १.३ पट, १९.५ बार, टाकी छान उभी राहील, अगदी १२ चीही. पण तेव्हा ती गंजलेली नसते.

एक्सरेचं ठरलं तर ड्रॉइंग रिव्हाइज करून मगच सही कर. नोझलची कॅल्क्युलेशन शनिवारपर्यंत पाठव, मी बघून ठेवते. बाबांचा गुडघा आता बरा आहे.

तुझी,
आई